डोळा उचलायचा नाही

लग्नाच्या शूटिंगवर माझं पोट चालतं आणि त्याच शूटिंगचा मला मनापासून वीट आलेला आहे. ड्रोन उडवा, नवरीला लेहंगा उचलून पळायला लावा, मग तेच हळू गतीत दाखवा. रायपूरमध्ये या कामाला तोटा नाही. पण दिवसभर बटण दाबायचं, पाहायचं, आवडलं नाही की पुसायचं, असं करून करून माझी नजर पार बोथट झाली होती. म्हणून बूढापाऱ्यातल्या स्टुडिओवाल्या काकांनी दुकान आवरताना त्यांचा जुना सोळा एमएमचा कॅमेरा मला देऊन टाकला, तेव्हा मी तो उराशी धरूनच घरी आणला. स्कूटर एका हातानं चालवली, रस्त्यात दोघांच्या शिव्या खाल्ल्या.

घर म्हणजे गुढियारीतलं आमचं दोन खोल्यांचं. बाबा रेल्वेत होते. ते गेले, मागून आई गेली. आता आम्ही तिघं राहतो, मी, माझा मोठा भाऊ आणि वहिनी. त्यांची पोट्टी नागपूरला नर्सिंग शिकते. भाऊ उरला या कारखान्यांच्या भागातल्या एका रोलिंग मिलमध्ये चिमट्यावर आहे. भट्टीतून लोखंडाचा लालभडक तुकडा निघतो, दोन रोलांमध्ये दाबला जातो, आणि असा इकडून तिकडे दाबत दाबत त्याची सळई होते. रोलाच्या या बाजूला एक माणूस, त्या बाजूला दुसरा. सळईचं तोंड आपल्याकडे निघालं की लांब चिमट्यानं पकडायचं आणि गर्रकन फिरून परत दुसऱ्या खाचेत घालायचं. पकडायला चुकलं तर सळई वाट सोडते आणि शेडमध्ये पाहिजे तशी उडते. समोर जो सापडेल तो सापडेल. भावाच्या बाजूचा एक माणूस तशात पायानं गेला, तरी भाऊ त्याबद्दल घरी कधी बोलला नाही.

कॅमेरा स्प्रिंगवर चालतो. चाबी भरायची, बटण दाबायचं, अर्धं मिनिट जेमतेम घरघरतो आणि थांबतो. आवाज रेकॉर्ड होत नाही. फिल्म माझ्याजवळ एकच होती, मुंबईच्या एका मैत्रिणीनं पाठवलेली, तारीख उलटून गेलेली, काळी-पांढरी. तिला प्रत काढावी लागत नाही, जी फिल्म शूट केली तीच धुऊन प्रोजेक्टरवर लावायची. चालून चालून तीन मिनिटं. वहिनी तिच्या डब्याला फ्रिजमध्ये दह्याशेजारी जागा द्यायची आणि रोज विचारायची, "ताई, हे खराब तं नाही होत न?"

काकांनी एकच गोष्ट बजावून सांगितली होती. या कॅमेऱ्यात डोळा लावायच्या भिंगातून उजेड उलटा आत शिरतो. डोळा घट्ट लावलेला असेल तोवर डोळ्यानंच ते भोक बंद राहतं. फिल्म चालू असताना डोळा उचलला, की उजेड आत गेला आणि चित्र जळून पांढरं झालं. "कुछ भी हो जाए, आँख नहीं उठाना," ते म्हणाले. मी म्हटलं, "हव, काका." रायपूरमध्ये राहून हो म्हणायची सवय सुटते, तोंडातून हवच निघतं.

पहिल्यांदा मी कॅमेरा भावाच्या हातात दिला तेव्हा तो पोरासारखा खूश झाला. डोळा लावला, त्या भिंगाची एक रिंग इकडे फिरवली, तिकडे फिरवली, खूप वेळ फिरवत बसला.

"धुरकट आहे," तो म्हणाला. "सगळं धुरकट दिसून राहिलं."

मी पाहिलं तर मलाही सगळं फिसकटलेलं. डोक्याला ताप! ती रिंग प्रत्येकाच्या नजरेप्रमाणे लावायची असते, आणि यानं ती पार शेवटापर्यंत नेऊन ठेवली होती. मी ओरडले, "भाऊ, काहून फिरवली इतकी?" तो म्हणाला, "अवं, तुझं यंत्रच बुढं आहे." मी बॅटरी घेऊन लेन्समध्ये उजेड टाकला, आणि खरंच, आत काचेवर बुरशी चढली होती. पांढरे, बारीक, कोळिष्टकासारखे धागे. पावसाळ्यात जुन्या भिंगांना लागतेच. मला बरं वाटलं, दोष सापडला म्हणून. काकांकडे नेली लेन्स, त्यांनी उघडून साफ करून दिली.

घरी आले, पुन्हा भावासमोर धरली. "आता पाह्य. आरशासारखी झाली."

त्यानं पाहिलं. पुन्हा ती रिंग फिरत फिरत शेवटाला. "धुरकटच आहे," तो म्हणाला. "फसवलं तुले बुढ्यानं."

झालं, माझं डोकं सटकलं. तशीच स्कूटर काढली, बूढापारा गाठला आणि काकांना वाट्टेल ते बोलले. त्या बिचाऱ्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. कॅमेरा हातात घेतला, समोरच्या तलावाकडे धरून बराच वेळ पाहिलं, मग माझ्या हातात दिला. मी पाहिलं. पलीकडच्या काठावर एक बाई कपडे वाळत घालत होती, तिच्या साडीच्या काठावरच्या रेघा मला मोजता आल्या असत्या.

"लेन्स तो साफ है, दीदी," काका म्हणाले. "देखा किसने था?"

मी कॅमेरा पिशवीत घातला आणि स्कूटर हळू चालवत घरी आले.

त्यानंतर मी भावाला नुसती पाहत राहिले. आधी जे डोळ्यांसमोर होतं आणि दिसत नव्हतं, ते एकेक दिसायला लागलं. चहा ओतताना तो कपाच्या काठाला बोट लावून ओतायचा. संध्याकाळी मोटारसायकल काढणं त्यानं कधीचंच सोडलं होतं. मिलमधला त्याचा जोडीदार, रोलाच्या त्या बाजूला उभा राहणारा छत्तीसगढी माणूस, त्याला सकाळी घ्यायला यायचा आणि संध्याकाळी सोडायचा. पेट्रोल वाचते म्हणे. रस्त्यावरचे दिवे लागले की भाऊ म्हणायचा, "काय वं, दिव्यायले गोल गोल कडे दिसतात आजकाल." आणि सकाळी निघताना उंबऱ्याजवळ उभा राहून हात पुढे करायचा. वहिनी टिफिनची कडी त्याच्या तळव्यात ठेवायची आणि म्हणायची, "घ्या." मी इतके दिवस त्यावर चिडवायची, की बा काय थाट आहे राजाचा, दोन पावलं पुढे येऊन टिफिनही घेता येत नाही.

एका रविवारी वहिनी विहारात गेली तेव्हा मी त्याला धरलं. हातात कॅलेंडर घेऊन उभी राहिले. "भाऊ, हे किती लिहिलं आहे सांग."

"शाळा घेऊन राहिली का माही?"

"सांग न."

तो हसला, मग हसणं थांबलं. "आगीसमोर उभं राहून होतेच थोडं," तो म्हणाला. "सगळ्यायचं होते. मोतीबिंदू असन. मग काय करू? डॉक्टरकडे जाऊ? चिरा मारन तो. बाबाचं काय झालं, विसरली?"

विसरले नव्हते. बाबांनी म्हातारपणी एका डोळ्याचं ऑपरेशन केलं. टाके पिकले, आणि तो डोळा गेला तो गेलाच. पट्टी काढली त्या दिवशी ते कॉटवर बसून हातानं भिंत चाचपत होते. ते आम्ही दोघांनी दारातून पाहिलं होतं. भाऊ तेव्हापासून सुईलाही घाबरतो.

"आता तसं राहिलं नाही रे," मी म्हटलं. "आता सकाळी करतात, दुपारी घरी."

"आन् मिलवाले? डोळा कापलेल्या माणसाले भट्टीसमोर उभा करन का कोणी? पोट्टीचं शिक्षण तू करशीन का?" मग आवाज एकदम खाली आला. "तुह्या वहिनीले सांगू नको. तिचा जीव जाईन. मले दिसते कामापुरतं."

मी वचन दिलं. राग इतका आला होता की वाटलं, दोन ठेवून द्याव्यात, मोठा असला म्हणून काय झालं. पण वचन दिलं. आणि त्याच वेळी मनात ठरवलं की कामापुरतं म्हणजे किती, ते मी स्वतः मिलमध्ये जाऊन पाहणार.

ती तीन मिनिटांची फिल्म मिलमध्येच काढायची, हे माझं सुरुवातीपासून ठरलं होतं, परवानगीही आधीच मिळाली होती. भाऊ आता नाही नाही म्हणायला लागला, पण मी ऐकेन तर शपथ. क्वारातलं, म्हणजे आपल्या आश्विनातलं ऊन होतं, डोकं फुटेल असं. उरल्याला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ट्रक लागलेले, झाडांची पानंसुद्धा काळी. सुपरवायझरनं मला एक जागा आखून दिली, तिथून हलायचं नाही. माझ्या पाठीमागे शेडचं मोठं फाटक सताड उघडं होतं, पाठीवर उन्हाचा मारा, आणि समोर अंधार, आणि त्या अंधारात रोल फिरत होते. एका बाजूला डोक्याला गमछा गुंडाळलेला माझा भाऊ, दुसऱ्या बाजूला त्याचा जोडीदार.

मी चाबी भरली, डोळा लावला, पण बटण दाबलं नाही. आधी पाहायचं होतं.

भट्टीतून तुकडा आला. सळई इकडून तिकडे जायला लागली. आणि मला दिसलं, की भाऊ सळईकडे पाहतच नव्हता. बाकीच्या रोलांवरचे चिमटेवाले खाली वाकून त्या लाल तोंडावर नजर रोखून उभे. माझा भाऊ मान वाकडी करून कान पुढे करून उभा. त्या खडखडाटातून दर वेळी एक आवाज यायचा. "हव!" जोडीदारानं सळई रोलात घातली की तो ओरडायचा, "हव!" आणि भावाचा चिमटा पुढे. बरोबर पुढे, बरोबर तोंडावर. दुसऱ्या कुठल्याच रोलावर कोणी ओरडत नव्हतं.

भाऊ आवाजावर सळई धरत होता. त्या भट्टीसमोर!

त्यांची अर्ध्या तासाची पाळी संपली, ते दोघं बाहेर मडक्याजवळ येऊन बसले. भाऊ तोंड धुवायला नळावर गेला तेव्हा मी जोडीदाराला विचारलं, हे कधीपासून. तो जमिनीकडे पाहून म्हणाला, "बहुत दिन हो गया, दीदी. भैया ने बोला था किसी को मत बताना." मग म्हणाला, "पर मैं अब गाँव जाऊँगा. धान कटाई है. महीना भर लगेगा."

इथे सगळेच जातात. धान पिकलं की अर्धी मिल रिकामी होते, मालकसुद्धा अडवत नाही. त्याच्या जागी कोण येणार, मी विचारलं. "कोई नया लड़का," तो म्हणाला. "वो तो चिल्लाएगा नहीं. उसको क्या मालूम."

पुढच्या पाळीत मी शूट केलं. खरं सांगते, शूट करायची इच्छाच उरली नव्हती, पण आता थांबले असते तर भावानं विचारलं असतं, काहून. बटण दाबलं. घरघर सुरू झाली. "हव!" चिमटा पुढे. "हव!" चिमटा पुढे. स्प्रिंग संपली, पुन्हा भरली. फिल्म बरीचशी गेली. मी डोळा असा दाबून धरला होता की भुवई दुखायला लागली.

आणि मग जोडीदारानं माझ्याकडे पाहिलं. लग्नात मी लोकांना ओरडून ओरडून सांगते, कॅमेऱ्याकडे पाहू नका. इथे सांगायचं राहिलं होतं. त्यानं सळई रोलात घातली, मान वळवली आणि कॅमेऱ्याकडे पाहून छान हसला, गालाला खळी पडेपर्यंत. हव म्हणायचं राहून गेलं.

सळईचं तोंड भावाच्या बाजूला निघालं. भाऊ कान लावून उभा होता, वाट पाहत, चिमटा खाली.

मी डोळा उचलला. उचलला म्हणजे काय, तोंडच वर झालं आपोआप. "हव!" मी ओरडले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. भावाचा चिमटा गेला. उशिरा गेला, तोंडावर नाही, वीतभर मागे बसला. सळई वाकली, ठिणग्या त्याच्या गमछ्यावर उडाल्या, पण त्यानं धरली, फिरला, घातली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. सुपरवायझर मागे मोबाइलवर बोलत होता. कॅमेरा माझ्या हातात अजून घरघरत होता आणि बटणावरचं माझं बोट निघत नव्हतं.

बाहेर आल्यावर भावानं मडक्यातलं पाणी गमछ्यावर ओतलं. मग म्हणाला, "तू होती न ती?"

"हव."

"घरी बोलू नको."

"माझ्या तोंडून काही निघणार नाही," मी म्हटलं. "पण तू आता जाऊ नको रे तिथं. हात जोडते तुला."

त्यानं गमछा पिळला, डोक्याला बांधला आणि परत आत गेला.

फिल्म धुवायला मुंबईला पाठवली. ती येईपर्यंत रोज सकाळी टिफिन त्याच्या हातात जायचा, रोज मोटारसायकलचा आवाज दूर जायचा, आणि संध्याकाळी तो आवाज परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला. फोन वाजला की मी आधी नंबर पाहायची. बाहेर गावाकडून आलेल्यांच्या तोंडी एकच विषय, धान पिवळं झालं. मी आयुष्यात कधी धानाचा असा राग केला नव्हता.

फिल्मचा डबा आला त्याच आठवड्यात, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, जोडीदार गावाला गेला. भाऊ फिल्म पाहायला उतावीळ. बायांना मिलमध्ये कोणी येऊ देत नाही, माझं कॅमेऱ्यामुळे जमलं. आपला नवरा काय काम करतो ते वहिनीनं इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. "आज दाखवतो तुले," तो तिला म्हणाला. सुट्टीचा दिवस होता. भर दुपारी आम्ही खिडकीवर गोधडी टांगली, दाराच्या फटीत कपडे कोंबले, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. काकांकडून प्रोजेक्टर आणला होता. मी एकटीनंच आधी फिल्म उजेडात धरून पाहिली होती. तिच्यात कुठे काय आहे ते मला माहीत होतं. लावू की नको, असं शंभरदा वाटलं. पण लावली.

भिंतीवर रोल फिरायला लागले. काळ्या अंधारात पांढरी सळई.

"मी दिसून राहिलो का?" भावानं विचारलं.

"दिसून राहिले न," वहिनी हसली. "गमछा काय बांधला तो, बायावानी! माय वं, किती गरम असन ते." ती पुढे सरकून बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "पण हे मशीनकडे कान काहून लावून राहिले?"

प्रोजेक्टर खटखटत होता. फिल्मला आवाज नव्हता, त्यामुळे भिंतीवर हव कुठेच नव्हतं. कोणी न सांगता, न पाहता चिमटा बरोबर जात होता. भाऊ रंगात आला. "पाह्य, पाह्य! कसा धरतो पाह्य. नवीन पोट्ट्यायले जमते का असं?"

मग भिंतीवर जोडीदार हसला. आणि भिंत पांढरी झाली. मी डोळा उचलला होता तेव्हाचं सगळं ऊन तिथे उतरलं होतं. ना रोल, ना सळई, ना माणूस, नुसती कोरी पांढरी भिंत, आणि तिच्यावर आमच्या तिघांची तोंडं उजळलेली.

"हा पाह्य!" भाऊ म्हणाला. तो उजेड त्याला ठिणग्यांचाच वाटला असावा. त्याचं बोट भिंतीकडे. "हा पाह्य कसा वळलो! वीतभर मागं धरली तरी सोडली नाही. दिसलं का? अवं, दिसलं का?"

वहिनीनं भिंतीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. तो कोऱ्या भिंतीकडे पाहून हसत होता. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान खाली घातली. फिल्मचं टोक सुटून फटफट वाजायला लागलं तरी मला उठून ते बंद करायचं सुचलं नाही.

"दिसलं," वहिनी म्हणाली. "सगळं दिसलं."

मग तिनं खिडकीवरची गोधडी उतरवली. जेवायला वाढलं, भांडी घासली. मला वाटलं, ती रडेल, भांडेल, माझी खरडपट्टी काढेल. काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ तयार झाला. जोडीदार नव्हता, म्हणून ऑटो बोलावला होता. आज त्याच्यासमोर नवीन पोट्टा उभा राहणार होता. तो रोजच्यासारखा उंबऱ्याजवळ आला आणि रोजच्यासारखा हात पुढे केला.

वहिनी टिफिन घेऊन उभी होती. तिनं तो दिला नाही. घ्या म्हटलं नाही. मी तिच्या मागे होते, मीही काही बोलले नाही.

त्याचा हात तसाच पुढे राहिला. बोटं उघडली, मिटली, हवेत थोडी डावीकडे गेली, थोडी उजवीकडे.

"अवं," तो म्हणाला. "कुठं गेली?"

वहिनी त्याच्यासमोर हातभर अंतरावर उभी होती. तिनं टिफिन खाली ठेवला आणि त्या चाचपणाऱ्या हातात आपला हात दिला.

"इथंच आहो," ती म्हणाली. "तुमच्या समोरच तं आहो मी."

बाहेर ऑटोवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला, थोडा वेळ थांबला, आणि निघून गेला.